मेश नेटवर्क, सामुदायिक

वस्तीतील रहिवाशांनी आपापल्या गच्च्यांवर राउटर बसवून, मध्यवर्ती मनोऱ्यावाचून परस्परांत उभारलेले बिनतारी जाळे. यातील प्रत्येक राउटर (नोड) स्वतःची माहिती पाठवतो आणि शेजाऱ्यांचीही पुढे नेतो. एखादा नोड बंद पडला तर वाट आपोआप बदलते. पुढील विवेचन मुख्यतः पुणे शहरास अनुलक्षून आहे.

उगमाबाबत मतभेद आहेत. काही अभ्यासक 1973 च्या सुमारास डार्पा या अमेरिकी संरक्षण-संशोधन संस्थेने हाती घेतलेल्या पॅकेट रेडिओ (माहितीचे छोटे तुकडे करून रेडिओवरून पाठवणे) प्रकल्पाकडे बोट दाखवतात, तर काही 1978 च्या आसपास माँट्रिऑल येथील हौशी रेडिओचालकांच्या प्रयोगांकडे. तंत्राचा वारसा पहिल्याकडे जातो. मात्र यंत्रणा वापरणाऱ्यांच्याच मालकीची असणे हा निकष धरल्यास दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. वाय-फायवर आधारलेली जाळी साधारणपणे 2000 नंतरची: लंडनचे कन्झ्यूम, सिॲटल वायरलेस, बर्लिनचे फ्रायफुंक, कॅटालोनियातील ग्वीफी (2004). ग्वीफीतील पुष्कळसे दुवे दोन ठरावीक ठिकाणांना जोडणारे असल्याने काटेकोर व्याख्येत ते पूर्णपणे बसत नाही.

मार्गनिवडीसाठी प्रथम ओएलएसआर (इंटरनेट-तंत्रविषयक दस्तऐवज आरएफसी 3626, 2003) ही पद्धत रूढ झाली. तीत प्रत्येक नोड संपूर्ण जाळ्याचा नकाशा जवळ बाळगतो. नोड वाढले तसे हे गणित छोट्या राउटरांना जड जाऊ लागले, म्हणून फ्रायफुंकच्या वर्तुळात बॅटमन ही पद्धत पुढे आली. तीत अमुक ठिकाणी जायचे तर कोणत्या शेजाऱ्याकडे सोपवायचे, एवढेच नोड लक्षात ठेवतो. वाय-फायवरील मेशसाठीचे 802.11एस हे मानक 2011 चे. मार्ग उत्तम सापडला तरी एकाच रेडिओवर, एकाच वाहिनीत, दर टप्प्याला वेग साधारण निम्म्यावर येतो; नोड वाढतात तसा प्रत्येकाच्या वाट्याचा वेग घटतो, हे संशोधक गुप्ता व कुमार यांनी 2000 मध्ये गणिताने दाखवले. म्हणून मुख्य दुव्यांसाठी वेगळा रेडिओ ठेवणे बरे.

पुण्यात खरी अडचण उंचीची. समोरची गच्ची नुसती दिसून भागत नाही. वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झ वारंवारतेवर 1 किमी अंतरासाठी मध्यभागी दृष्टिरेषेभोवती सु. 5.6 मी. त्रिज्येचा पट्टा (फ्रेनेल क्षेत्र) असतो व त्याचा निदान 60 टक्के भाग मोकळा लागतो. पेठांत जुन्या वाड्यालगत नवी उंच इमारत उभी राहते आणि चालू दुवा तुटतो. कोथरूड व पाषाण यांच्या मध्ये वेताळ टेकडी आडवी येते, त्यामुळे वळसा घ्यावा लागतो. उलट मुठेच्या पात्रावरून डेक्कन व नारायण पेठ यांना जोडणे तुलनेने सोपे. या वारंवारतांना पाऊस फारसा बाधत नाही; भिजलेली झाडे मात्र बाधतात. वळवाच्या विजांसाठी गच्चीवरील खांबाला अर्थिंग हवेच. (धर्मशाळेच्या एअरजल्दी जाळ्याला माकडांचा उपद्रव होता, पेठांत तो प्रश्न नाही.)

पुण्यात 2006 च्या सुमारास महापालिकेने इंटेलच्या साहाय्याने आखलेली ‘अनवायर पुणे’ योजना आणि 2018 मधील गूगल स्टेशन (गूगलची सार्वजनिक वाय-फाय सेवा) हे दोन्ही उपक्रम वरून खाली आलेले, म्हणून या व्याख्येबाहेरचे. राज्यातील जवळचे उदाहरण पालघर जिल्ह्यातील ग्राममार्ग (आयआयटी मुंबई) हे, तेही ग्रामीण.

2400–2483.5 मेगाहर्ट्झ पट्टा 2005 च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाला, मात्र प्रक्षेपणशक्तीवर मर्यादा आहे (अँटेनाचा लाभ धरून कमाल 4 वॅट). 2018 मध्ये 5 गिगाहर्ट्झमधील 605 मेगाहर्ट्झ मोकळे झाले. परवानामुक्त लहरी म्हणजे इंटरनेट विकण्याची मुभा नव्हे. सोसायटीने एक जोडणी घेऊन ती इतरांत वाटणे सेवादात्याच्या करारात बहुधा बसत नाही. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत चहावाला किंवा किराणा दुकानदारही परवान्याविना सार्वजनिक वाय-फाय देऊ शकतो, परंतु नोंदणीकृत मध्यस्थामार्फतच. जाळ्याच्या आतच राहणाऱ्या सेवांना, उदा. सोसायटीचा सूचनाफलक, हा प्रश्न तितकासा भेडसावत नाही.