संगणक आला, बिल कोण भरणार?

जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजींची बदली झाली की चार्ज देताना जडसंग्रह नोंदवही, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंची यादी, उघडते. टेबल, खुर्च्या, घंटा, वजनकाटा आणि त्याखाली ‘संगणक संच’, ‘यूपीएस’. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली असते, पण निर्लेखनाला, म्हणजे ती यादीतून काढून टाकायला, मंजुरी येईपर्यंत नग मोजून ताब्यात द्यावाच लागतो. वस्तू घ्यायला पैसा येतो, ती चालती ठेवायला येत नाही. हे दुखणं जुनं आहे.

शाळांत संगणक नेण्याचा केंद्र सरकारचा पहिला मोठा प्रयोग म्हणजे १९८४चा ‘क्लास’ प्रकल्प. बीबीसी मायक्रो नावाचं यंत्र, ३२ केबी मेमरी, सुरुवातीला देशभरातल्या सुमारे अडीचशे शाळा. खेड्यातल्या प्राथमिक शाळेचा त्यात विचारच नव्हता. तिथवर संगणक पोचला सर्व शिक्षा अभियानातून, तोही प्रामुख्याने पाचवी-सहावीच्या पुढच्या वर्गांसाठी.

माध्यमिक शाळांसाठी डिसेंबर २००४मध्ये आयसीटी (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) योजना आली. महाराष्ट्रात ती ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या पद्धतीने राबवली गेली: कंपनीने संगणक बसवायचे, शिक्षक द्यायचा, पाच वर्षं सांभाळायचं आणि मग सगळं शाळेच्या स्वाधीन करायचं. कागदावर कल्पना चांगलीच, कारण देखभाल करारातच होती. पण करार संपला की कंत्राटी शिक्षक घरी आणि पाच वर्षं घासलेली यंत्रं शाळेच्या गळ्यात.

प्राथमिक शाळांचं चित्र पालटलं ते लोकवर्गणीतून. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची शाळा टॅबलेटवर शिकू लागली आणि ती बघायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. २२ जून २०१५ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि डिजिटल शाळांची लाटच आली. कुठे माजी विद्यार्थ्यांनी प्रोजेक्टर दिला, कुठे ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून टीव्ही घेतला. माढा तालुक्यातल्या परितेवाडीत शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. माझ्या मते या सगळ्यातली ही सर्वांत स्वस्त आणि शहाणी कल्पना, कारण तिला शिक्षकाच्या खिशातला फोन पुरतो. पुढे बालभारतीनेही पुस्तकांत कोड छापले आणि २०२०मध्ये डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळालं.

अडलं ते विजेपाशी. २०१२मध्ये वीज नियामक आयोगाने ‘सार्वजनिक सेवा’ हा वेगळा वर्ग करेपर्यंत शाळेला बिल व्यापारी दराने येई, दुकानासारखं. ते भरायचं सादिलमधून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चासाठीच्या अनुदानातून. सादिल वेळेवर येत नाही, हे प्रत्येक मुख्याध्यापकाला पाठ आहे. २०१८पासून केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत संयुक्त शाळा अनुदान मिळू लागलं, पण ते पटावर ठरतं. खडू, रंगरंगोटी, दुरुस्ती, बिल सगळं त्यातच भागवायचं आणि वाड्या-वस्त्यांवरच्या लहान शाळेच्या वाट्याला सर्वांत कमी. प्रोजेक्टर वीस मुलांच्या शाळेतही तेवढीच वीज खातो! थकबाकीपायी मीटर निघाले, ‘डिजिटल शाळा’ हा फलक मात्र भिंतीवर राहिला.

मग काही गावांनी पुन्हा वर्गणी काढून छपरावर सौर पॅनेल बसवलं. त्याची बॅटरी बसली की नवी कोणत्या लेखाशीर्षातून घ्यायची, हे मुख्याध्यापक अजून विचारतात.