प्रतिज्ञेचा हात आणि हिटलरचा सलाम: हाताच्या कोनावर वाद घालणाऱ्यांसाठी

१५ ऑगस्ट जवळ आला की दरवर्षी हेच सुरू होतं. एकीकडे कुणीतरी परदेशी माणूस आपल्या शाळेतल्या पोरांचा प्रतिज्ञा म्हणतानाचा फोटो टाकतो आणि खाली लिहितो की भारतात मुलांना नाझी सलाम शिकवतात, आणि दुसरीकडे जर्मनीत राहणारे आपलेच लोक म्हणतात की छे, आपला हात खांद्याच्या रेषेत असतो, त्यांचा वर असायचा, काही होत नाही. दोघंही चुकतात, पण दुसरी चूक आपल्याला महागात पडू शकते म्हणून लिहितोय.

प्रतिज्ञेबद्दल जास्त सांगत नाही, ती सगळ्यांना पाठ आहे. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ मध्ये तेलुगूत लिहिली आणि तिच्यात कुणा नेत्याचं नाव नाही, देश आहे आणि देशबांधव आहेत. नाझी सलामात नेमकं उलटं, तिथे सगळं एका माणसासाठी. इटलीच्या फॅसिस्टांचं बघून नाझी पक्षाने १९२६ मध्ये तो सदस्यांना सक्तीचा केला, १९३३ मध्ये सरकारी नोकरांनाही केला, मग पत्राच्या शेवटीसुद्धा "हाइल हिटलर" ही त्यांची घोषणा यायला लागली. १९३६ चा हॅम्बुर्गच्या गोदीतला एक फोटो आहे, सगळ्या गर्दीचे हात वर आणि एकच माणूस हाताची घडी घालून उभा. तो फोटो नीट बघा, म्हणजे त्या हातामागे केवढी जबरदस्ती होती ते कळेल.

तर अर्थाच्या बाबतीत दोघांचा काही संबंध नाही, इथपर्यंत आपले लोक बरोबर आहेत. गाडी घसरते ती कोनावर.

हात किती अंशात आहे यावरून नाझी सलाम ओळखायचा असं काही नसतंच. स्वतः हिटलर कित्येकदा कोपरात हात वाकवून पंजा खांद्याशी मागे न्यायचा, म्हणजे "सरळ आणि वर" हा नियम त्यालाच लागू होत नाही. आणि नाझी चिन्हं आणि सलाम यांवर बंदी घालणारं जर्मन दंडसंहितेचं कलम ८६-अ नुसत्या मूळ चिन्हांपुरतं नाही, गफलत व्हावी इतकं मिळतंजुळतं काही केलं तरी ते त्यात धरलं जातं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. एवढं कडक का, तर तिथल्या नव-नाझींनी पळवाटा काढून झाल्यात, हात तसाच पण तीनच बोटं ताठ असा एक प्रकार त्यांनी काढला, क्यूनेनग्रुस म्हणतात, तोही गुन्हाच आहे. मग "आमचा दहा अंश खाली होता" हे कुणाला सांगणार? २०१७ मध्ये बर्लिनला राइशटागसमोर, म्हणजे संसदेच्या इमारतीपुढे, दोन चिनी पर्यटकांनी असा हात करून एकमेकांचे फोटो काढले, पोलिसांनी तिथेच ताब्यात घेतलं आणि प्रत्येकी ५०० युरो जामिनावर सोडलं.

"पण आमचा हेतू तसा नव्हता" या वाक्याचा मला खरंच राग येतो. हेतू रस्त्यापलीकडून दिसत नाही हो. दिसतो तो फक्त मैदानात रांगेने हात पुढे करून उभा असलेला घोळका, आणि बघणाऱ्याच्या घरातली माणसं कदाचित छळछावणीत मेलेली असतात.

अमेरिकेचं उदाहरण मला यात सगळ्यात पटतं. तिथल्या शाळेत १८९२ पासून झेंड्याच्या शपथेला मुलं असाच हात पुढे करायची, म्हणजे हिटलरच्या कितीतरी आधी. तरी डिसेंबर १९४२ मध्ये त्यांच्या काँग्रेसने तो हात छातीवर आणला. आमचा हात जुना आहे म्हणून ते अडून बसले नाहीत.

बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत. मासेमारी करणारे जर्मन एकमेकांना "पेट्री हाइल" म्हणतात, त्यात काही वावगं नाही, पण नुसतं "हाइल" म्हणून गंमत करू नका. दारातल्या रांगोळीतलं स्वस्तिक धार्मिक आहे, त्यावर बंदी नाही, फक्त "आपलं उजवं, त्यांचं डावं" असं शेजाऱ्याला सांगू नका कारण नाझींचंही उजवंच होतं. आणि १९८८ मध्ये जन्मलेल्यांनी युजरनेममधला ८८ काढावा, एच हे आठवं अक्षर, दोन एच म्हणजे तीच "हाइल हिटलर" घोषणा.

आमच्या इथे जर्मनीत तीन वर्षांपूर्वी तळ्याकाठच्या मैदानात ऐनवेळी हा वाद झाला. एक काका म्हणाले, हात नसेल तर प्रतिज्ञा अपुरी वाटते. मी म्हटलं, काका, तिच्या शब्दांत हाताचा उल्लेखच नाही, सावधानमध्ये उभं राहून म्हणूया. छातीवर हात मला आपला वाटत नाही, सावधान शाळेपासून अंगात आहे. काका तयार झाले, आणि तेव्हापासून आम्ही तशीच म्हणतो, पूर्ण आवाजात.