सुई हलकी ठेवली की रेकॉर्ड टिकते? उलट होतं

जुना टर्नटेबल दुरुस्त करून घेतला की हमखास मिळणारा सल्ला: ‘सुईचा भार एक ग्रॅमवर ठेवा, रेकॉर्ड जपली जाईल.’ जपली जात नाही. बहुतेक वेळा खराब होते.

सुईला खाचेच्या दोन्ही भिंतींना सतत चिकटून राहावं लागतं. भार कमी पडला की तार सप्तकातल्या तानेला किंवा पितळी वाद्यांच्या जोरदार झटक्याला ती भिंत सोडते आणि परत येऊन आदळते. कानाला ते ‘स’ आणि ‘श’च्या खरखरीतून कळतं. हे आदळणं हिऱ्याच्या टोकाचं असतं, समोर असतं मऊ विनाइल. तो ओरखडा कायमचा.

हा समज आला कुठून? मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवर जड ध्वनिपेटी (सुई धरणारा, आवाज काढणारा भाग) आणि पोलादी सुई चालायची, झीज डोळ्यांना दिसायची. पुढे सत्तरच्या दशकात शुअर व्ही-15सारखी कार्ट्रिजं (सुई बसवलेला छोटा भाग) खरोखरच एक ग्रॅमच्या आसपास चालत, आणि हलकेपणा हीच प्रतिष्ठा झाली. पण त्या सुईच्या दांडीचा आधार तेवढा लवचिक होता. 1960च्या दशकातल्या डेनॉन डीएल-103 कार्ट्रिजमध्ये हा आधार ताठ आहे. तिच्या सुईला अडीच ग्रॅम लागतात. तिला एका ग्रॅमवर चालवणं म्हणजे निव्वळ हट्ट.

म्हणून कंपनीने दिलेली मर्यादा पाहा आणि मधला किंवा किंचित वरचा आकडा धरा. मर्यादेपलीकडचा भारही वाईटच, हे वेगळं सांगायला नको. जुन्या टोनआर्मच्या (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याच्या) मागच्या वजनावरच्या खुणांवर मात्र विसंबू नका. रबर सैल पडलेलं असतं, स्प्रिंग थकलेली असते. छोटा डिजिटल काटा घ्या आणि रेकॉर्डच्याच उंचीवर मोजा.