बेसबॉल : सर्वश्रेष्ठ क्षेत्ररक्षकाचा वाद

बेसबॉलमध्ये फलंदाजीचा हिशेब दीडशे वर्षे चोख ठेवला गेला आहे. क्षेत्ररक्षणाचा हिशेब मात्र अजूनही पुरता जुळलेला नाही. ‘आजवरचा सर्वांत मोठा क्षेत्ररक्षक कोण?’ हा अमेरिकेतील बेसबॉलप्रेमींचा जुना वाद त्यामुळेच मिटत नाही. ऑझी स्मिथ (शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, धावताना गाठायच्या थांब्यांच्या, मधला), ब्रूक्स रॉबिन्सन (थर्ड बेस) आणि विली मेझ (सेंटर फील्ड, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागाचा मध्य) ही तीन नावे त्यात हटकून येतात. तिघांच्या जागा वेगळ्या आणि कामेही वेगळी, म्हणून जाणकार आधी ‘कुठल्या जागेवरचा?’ असे विचारतात आणि मगच बोलायला लागतात.

जागा आणि सेकंदांचे गणित

मैदानावरील नऊ जागांना ठरलेले क्रमांक आहेत : पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (फलंदाजामागचा) २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, शॉर्टस्टॉप ६ आणि फलंदाजाच्या नजरेने डावीकडून उजवीकडे मागच्या भागातले तीन आउटफिल्डर ७, ८, ९. ‘६-४-३ डबल प्ले’ म्हणजे शॉर्टस्टॉपने चेंडू उचलला, सेकंड बेसमनकडे दिला, त्याने बेसला पाय लावून फर्स्टला फेकला आणि एका चेंडूवर दोन गडी बाद झाले. ज्याच्या फेकीमुळे गडी बाद होतो त्याच्या खात्यावर ‘असिस्ट’ जमा होतो, बाद करण्याची क्रिया जो पुरी करतो त्याच्या खात्यावर ‘पुटआउट’.

दोन बेसमधले अंतर ९० फूट (२७.४३ मीटर) असते. चेंडू मारल्यापासून फर्स्ट बेस गाठायला उजव्या हाताच्या फलंदाजाला साधारण ४.३ सेकंद लागतात. चपळ खेळाडू ते चार सेकंदांच्या आसपास आणतो. शॉर्टस्टॉप थर्ड बेसच्या बाजूला खोल जाऊन चेंडू उचलतो, तेव्हा फर्स्ट बेस त्याच्यापासून १२० फुटांच्याही पुढे असतो. ताशी १३० किलोमीटर वेगाची फेक तेवढे अंतर कापायला सेकंदाहून थोडा अधिक वेळ घेते. चेंडू ग्लव्हमधून हातात घेऊन पाय जमवण्यात आणखी सेकंदभर जातो. म्हणजे चेंडूपर्यंत पोहोचायला उरतात जेमतेम दोन सेकंद. क्रिकेटमध्ये अडवलेल्या चेंडूवर एखादी धाव गेली तरी चालते. इथे तो क्षणभर हातात अडखळला की बाद होणारा फलंदाज बेसवर उभा असतो.

डावखुरे खेळाडू सेकंड, थर्ड आणि शॉर्टस्टॉप या जागांवर जवळजवळ दिसत नाहीत, त्याचे कारणही हेच. फेकणारा हात डावा असेल तर चेंडू उचलल्यावर फर्स्टकडे फेकण्यासाठी अंग वळवावे लागते आणि तेवढ्यात रनर (धावणारा फलंदाज) पोहोचतो. ग्लव्हचा आकारही जागेनुसार बदलतो. सेकंड बेसमन आणि शॉर्टस्टॉप सव्वाअकरा ते साडेअकरा इंचांचा उथळ ग्लव्ह वापरतात, कारण खोल कप्प्यात चेंडू शोधत बसायला सवड नसते. आउटफिल्डरचा ग्लव्ह साडेबारा इंचांच्या पुढे जातो. नियमाने कमाल मर्यादा १३ इंचांची आहे.

चूक मोजण्यातली चूक

‘एरर’ म्हणजे चूक नोंदवण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकातली. तिचा पाया घालणाऱ्यांत हेन्री चॅडविक हे प्रमुख. इंग्लंडात जन्मलेले चॅडविक न्यूयॉर्कमध्ये आधी क्रिकेटची वार्तांकने लिहीत, मग बेसबॉलकडे वळले आणि त्यांनी त्याचा धावफलक घडवला. त्या नोंदींतून निघालेले ‘फील्डिंग पर्सेंटेज’ अजूनही छापले जाते : पुटआउट आणि असिस्टची बेरीज भागिले पुटआउट, असिस्ट आणि एरर यांची बेरीज.

या आकड्याचा दोष एका काल्पनिक उदाहरणाने कळतो. एक शॉर्टस्टॉप मोसमात ६०० चेंडूंपर्यंत पोहोचतो आणि १२ चुका करतो : ५८८ गडी, सरासरी ०.९८०. दुसरा ६६० चेंडूंपर्यंत पोहोचतो आणि २० चुका करतो : ६४० गडी, सरासरी ०.९७०. कागदावर पहिला सरस, पण दुसऱ्याने ५२ गडी जास्त बाद केले. हिट होणारा (फलंदाजाला बेसवर पोहोचवणारा) चेंडू बाद ठरला की सुमारे पाऊण धाव वाचते. म्हणजे साधारण ३९ धावा वाचल्या, आणि दहा धावांना एक विजय हा ढोबळ हिशेब धरला तर जवळजवळ चार सामने. जो चेंडूपर्यंत जातच नाही त्याच्या नावावर चूक लागत नाही. शिवाय चूक ठरवणारा अधिकृत स्कोअरर माणूस असतो. ‘साधारण प्रयत्नात’ चेंडू अडायला हवा होता का, हे त्याच्या मतावर ठरते.

ओमार व्हिस्केलची कारकिर्दीची सरासरी ०.९८५ आहे, स्मिथची ०.९७८. तरी व्हिस्केलला स्मिथच्या वर ठेवणारे थोडेच भेटतात आणि त्यांचा मुद्दा सहसा इथेच अडतो.

बिल जेम्स यांच्या ‘रेंज फॅक्टर’ने (नऊ डावांमागे पुटआउट अधिक असिस्ट) पोहोच मोजायला सुरुवात झाली. पण त्यात पिचरचा वाटा मिसळतो. जमिनीलगत मारायला लावणारे पिचर असले की इनफिल्डरचा (बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाचा) आकडा फुगतो, गडी स्वतःच बाद करणारे असले की आटतो.

गोल्ड ग्लव्ह

रॉलिंग्ज कंपनीचा हा पुरस्कार १९५७ पासून दिला जातो आणि वादात पहिला पुरावा म्हणून तोच पुढे केला जातो. सर्वाधिक १८ पुरस्कार पिचर ग्रेग मॅडक्सकडे आहेत; रॉबिन्सनकडे १९६० ते १९७५ असे सलग १६, स्मिथकडे १९८० ते १९९२ असे सलग १३. मते प्रामुख्याने मॅनेजर आणि प्रशिक्षक देतात आणि त्यांना स्वतःच्या संघातील खेळाडूला मत देता येत नाही. अडचण अशी, की प्रतिस्पर्धी खेळाडू त्यांना वर्षात मोजकेच सामने दिसतो. मग आधीचा विजेता आणि चांगली फलंदाजी करणारा डोळ्यांसमोर राहतो. १९९९ साली टेक्सासच्या राफाएल पाल्मेरोला फर्स्ट बेसचा गोल्ड ग्लव्ह मिळाला, तेव्हा तो त्या मोसमात त्या जागेवर अवघे २८ सामने खेळला होता. बाकीचा काळ तो नुसता फलंदाजीला उतरत होता. २०१३ पासून निकालात सुमारे चतुर्थांश वजन आकडेवारीच्या निर्देशांकाला दिले जाते. त्यापूर्वीचे पुरस्कार पुरावा म्हणून वापरताना हे लक्षात ठेवलेले बरे.

नवी मापे

२००३ च्या मोसमापासून उपलब्ध असलेले ‘डिफेन्सिव्ह रन्स सेव्ह्ड’ (संक्षेपाने डीआरएस, क्रिकेटमधल्या डीआरएसशी नाते फक्त अक्षरांचे) प्रत्येक फटक्याची दिशा, वेग आणि प्रकार नोंदवते. तसा चेंडू इतर क्षेत्ररक्षक शेकडा किती वेळा बाद करतात, ते पाहून श्रेय किंवा दंड देते. शेकडा ३० वेळाच बाद होणारा चेंडू पकडला तर ०.७० श्रेय, सुटला तर ०.३० वजा. २०१५ मध्ये आलेली स्टॅटकास्ट यंत्रणा खेळाडूची जागा, अंतर आणि हाती असलेला वेळ मोजते. २०२० पासून तिच्यामागे हॉक-आय कॅमेरे आहेत, जे क्रिकेटप्रेमींना पायचीतच्या निर्णयांमुळे परिचित आहेत.

या मापांनीही एका मोसमाच्या आकड्यावर पैज लावू नये. चेंडू कोणत्या दिशेने येतील हे नशिबावर असते. क्षेत्ररक्षणाचा आकडा विश्वासार्ह व्हायला साधारण तीन मोसम लागतात. जुन्या खेळाडूंसाठी तर इतका तपशील नाहीच. सामन्यांच्या जुन्या नोंदींवरून मागाहून काढलेला ‘टोटल झोन’ हा अंदाज तेवढा आहे. त्यात रॉबिन्सन सरासरी खेळाडूपेक्षा जवळपास २९० धावा पुढे, तर स्मिथ आणि बाल्टिमोरचा मार्क बेलँजर सुमारे २४० वर येतात. बेलँजरचे नाव क्वचितच निघते, कारण त्याची फलंदाजीची सरासरी ०.२२८ होती आणि अशा खेळाडूची आठवण ठेवणारे थोडे.

नव्या मापांनी सर्वांत जास्त खळबळ उडवली ती डेरेक जीटरबाबत. न्यूयॉर्कच्या यँकीज संघातील या शॉर्टस्टॉपला पाच गोल्ड ग्लव्ह मिळाले. २००१ च्या प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेरीत) ओकलंडविरुद्ध भरकटलेली फेक धावत जाऊन अडवून कॅचरकडे टोलवण्याचे त्याचे कसब अजून दाखवले जाते. तरीही डीआरएस त्याला वर्षामागून वर्षे सरासरीच्या बरेच खाली ठेवते. त्याच्या हातात आलेला चेंडू क्वचित सुटे. पण डावी-उजवीकडचे कितीतरी चेंडू त्याच्या हातापर्यंत येतच नसत.

तीन झेप, तीन मैदाने

२० एप्रिल १९७८ : सॅन डिएगोकडून पहिलाच मोसम खेळणाऱ्या स्मिथने अटलांटाच्या जेफ बरोजचा चेंडू सेकंड बेसमागे डावीकडे सूर मारून गाठला. तेवढ्यात चेंडूने भलतीच उसळी घेतली. ग्लव्ह पुढे निघून गेला होता. स्मिथने मागे राहिलेल्या उघड्या उजव्या हातात तो पकडला, उठला आणि फर्स्टला फेकून गडी बाद केला. १९८० मधील त्याचे ६२१ असिस्ट हा शॉर्टस्टॉपचा एका मोसमाचा विक्रम आहे. कारकिर्दीतले ८,३७५ हाही विक्रमच. १९८२ पासून सेंट लुइसला तो कृत्रिम गवतावर खेळला. तिथे चेंडू वेगाने पण बिनचूक उसळीने येतो, त्यामुळे खोल उभे राहता येते. त्याच्या टीकाकारांचा हा मुद्दा खरा आहे. मात्र ६२१ असिस्टचे वर्ष सॅन डिएगोच्या नैसर्गिक गवतावरचे होते.

ऑक्टोबर १९७० : सिनसिनाटीविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजच्या (विजेता ठरवणाऱ्या अंतिम मालिकेच्या) पहिल्या सामन्यात ली मेने थर्ड बेसच्या रेषेवरून जोरदार फटका मारला. रॉबिन्सनने बेसमागे उलट्या हाताने तो अडवला. धावण्याच्या जोरात तो मैदानाच्या रेषेबाहेर गेला आणि तिथूनच वळत त्याने फेकलेला चेंडू एक टप्पा घेऊन फर्स्ट बेसमनकडे पोहोचला. पाच सामन्यांच्या त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. त्याच मालिकेत त्याच्या नावावर एक एररही आहे.

२९ सप्टेंबर १९५४ : न्यूयॉर्कचे पोलो ग्राउंड्स, वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, आठवा डाव, २-२ बरोबरी, दोन रनर बेसवर. क्लीव्हलँडच्या व्हिक वर्ट्झने सेंटर फील्डच्या डोक्यावरून चेंडू मारला. मेझ पाठ फिरवून धावत सुटला आणि खांद्यावरून येणारा चेंडू त्याने पुढे धरलेल्या ग्लव्हमध्ये घेतला. जाणकार कौतुक करतात ते त्यानंतरच्या क्षणाचे : तिथल्या तिथे गिरकी घेऊन त्याने चेंडू आत फेकला, आणि सेकंडवरचा लॅरी डोबी थर्डच्या पुढे जाऊ शकला नाही. वर्ट्झचा फटका ४०० फुटांहून लांब गेला तरी बाद ठरला. दहाव्या डावात डस्टी ऱ्होड्सने उजव्या रेषेलगत जेमतेम २६० फुटांवर मारलेल्या चेंडूने होमरन (थेट सीमेपार फटका) होऊन सामना जिंकून दिला. त्या मैदानाचा आकारच तसा होता, आणि तितके मोठे सेंटर फील्ड नसते तर मेझला तो झेल घेण्याची संधीही मिळाली नसती.

डबल प्लेच्या बाबतीत मात्र फारसा वाद नाही. पिट्सबर्गच्या बिल मॅझरॉस्कीचे सेकंड बेसमन म्हणून १,७०६ डबल प्ले हा विक्रम आहे. चेंडू त्याच्या ग्लव्हला लागून हातात कधी गेला ते दिसतच नसे. अंगावर घसरत येणाऱ्या रनरला चुकवत त्याने हे केले. २०१६ पासून वाट सोडून क्षेत्ररक्षकाला धडक देण्यास रनरला मनाई आहे, म्हणून आजच्या सेकंड बेसमनशी त्याची तुलना तिरकी पडते.

काळ बदलला की आकडे फसतात

१९८० साली प्रत्येक संघ सामन्यात सुमारे पाच वेळा स्ट्राइकआउट (चेंडू मैदानात न मारताच फलंदाज बाद) होई. आता आठांहून अधिक वेळा होतो. खेळात चेंडूच कमी येत असल्यामुळे ६२१ असिस्टच्या जवळ जाणे आज कुणालाही अवघड. २०२३ पासून इनफिल्डमध्ये सेकंड बेसच्या प्रत्येक बाजूला दोन खेळाडू असणे सक्तीचे झाले. त्याआधी संगणकाच्या सल्ल्याने योग्य जागी उभा राहिलेला खेळाडू सामान्य असूनही असामान्य दिसे. त्याच वर्षी बेसची बाजू १५ वरून १८ इंच झाली आणि पिचरने रनरला रोखण्याच्या संधी मर्यादित झाल्या. बेस चोरण्याचे (फटक्याविना पळून पुढचा बेस गाठण्याचे) सुमारे ८० टक्के प्रयत्न यशस्वी होऊ लागले. कॅचर इव्हान रॉड्रिगेझने कारकिर्दीत बेस चोरू पाहणारे सुमारे ४६ टक्के रनर बाद केले होते. ती टक्केवारी आजच्या कॅचरशेजारी मांडून उपयोग नाही.

कॅचरचे एक काम तर २००८ नंतरच मोजता येऊ लागले : झोनच्या (ज्यातून गेलेला चेंडू फलंदाजाविरुद्ध ‘स्ट्राइक’ मोजतात त्या चौकटीच्या) कडेवरचा चेंडू मनगट न हलवता असा घ्यायचा, की पंचाला तो स्ट्राइक वाटावा. चांगला कॅचर या ‘फ्रेमिंग’ने मोसमात १५-२० धावा वाचवतो. जुन्या काळचा कॅचर जॉनी बेंचचा हा गुण किती होता हे सांगायला आता साधन नाही. २०२६ च्या मोसमापासून पंचाच्या स्ट्राइक-बॉल निर्णयाविरुद्ध कॅमेऱ्यांकडे दाद मागण्याची सोय झाल्याने या कौशल्याचा भावही बदलणार आहे.

आणि ही सारी यादी १९४७ पर्यंत कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवणाऱ्या खेळाची आहे. निग्रो लीग्जमधील (कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या स्पर्धांतील) फलंदाजीचे आकडे २०२४ मध्ये मेजर लीगच्या (मुख्य व्यावसायिक स्पर्धेच्या) अधिकृत विक्रमांत सामील झाले आणि जॉश गिब्सन ०.३७२ च्या सरासरीने सर्वांच्या वर गेला. पण तिथलाच ऑस्कर चार्ल्सटन सेंटर फील्डमध्ये सेकंड बेसच्या पाठीशी लागून उभा राहायचा आणि तरी डोक्यावरून गेलेले चेंडू मागे धावत पकडायचा, हे पाहणाऱ्यांच्या तोंडूनच आले आहे. त्याच्यासाठी टोटल झोनसुद्धा नाही.