दोन गुंठ्यांचा बांध आणि आठ वर्षांचं युद्ध

कराड-पाटणकडच्या कुठल्याही गावात बांधावरून भाऊबंदांची एक तरी केस कोर्टात असतेच. भांडण दोन गुंठ्यांचं. पण वकिलाची फी, मोजणी, तारखांना बुडालेले दिवस धरले तर चार गुंठ्यांचे पैसे जातात. दोघांनाही ते कळत असतं. मग पहिल्याच दिवशी गुंठा-गुंठा का वाटून घेत नाहीत?

देशांबद्दल हाच प्रश्न जेम्स फिअरन या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने १९९५ साली मांडला. लढाईनंतर जे पदरात पडणार, त्याच्या आसपासची वाटणी आधीच केली तर दोघांचाही खर्च वाचतो. ती का होत नाही? त्याने दिलेली दोन कारणं मला फार पटतात. समोरच्याची खरी ताकद आणि जिद्द कळत नाही. शिवाय आपली फुगवून सांगण्यात प्रत्येकाचा फायदा असतो. दुसरं, आजचा करार तो उद्या पाळेल याची हमी नसते. गावात निदान निकाल बजावायला सरकार आहे. देशांच्या डोक्यावर तसं कोणी नाही.

इराण-इराक युद्धात दोन्ही कारणं दिसतात. १९७९च्या क्रांतीने इराणचं सैन्य विस्कटलं होतं. सप्टेंबर १९८० मध्ये सद्दाम हुसेनने १९७५चा सीमाकरार मोडून हल्ला केला, तो झटपट काम उरकेल या हिशेबाने. हिशेब चुकला. मे १९८२ मध्ये इराणने खोर्रमशहर परत घेतलं आणि इराक माघारीला तयार झाला. तिथेच थांबता आलं असतं! पण करार मोडणारा गादीवर असताना त्याच्या नव्या सहीला काय किंमत? युद्ध आणखी सहा वर्षं चाललं, लाखो माणसं गेली. ऑगस्ट १९८८ मध्ये ते थांबलं तेव्हा सीमा जवळपास होती तिथेच होती. कर्जात रुतलेल्या इराकने दोन वर्षांनी कुवेत गिळायला घेतला. कुवेत त्याच्या सावकारांपैकीच एक.

चालू युद्ध थांबवणं सुरू न करण्यापेक्षाही अवघड, कारण गेलेला खर्च मागे फिरू देत नाही. साताऱ्यात त्याचा दाखला डोक्यावरच उभा आहे. १६८१ साली दक्षिणेत उतरलेल्या औरंगजेबाने १६९९च्या डिसेंबरात अजिंक्यताऱ्याला वेढा दिला. सुरुंग उलटला आणि त्याचीच शेकडो माणसं ढिगाऱ्याखाली गेली. एप्रिलमध्ये किल्ला मिळाला, त्याचं नाव आझमतारा ठेवलं, आणि काही वर्षांत मराठ्यांनी तो परत घेतला. इतकी वर्षं, इतकी माणसं घालवून रिकाम्या हाती दिल्लीला जायचं कसं? १७०७ मध्ये तो नगरजवळ वारला. खजिना तोवर आटत आला होता.

आणखी एक गोष्ट. बांधाच्या भांडणात पैसे भांडणाऱ्याच्याच खिशातून जातात. युद्धात ठरवणारा एक आणि भरणारा दुसरा. साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंग्याचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात पडले. ते युद्ध व्हावं की नाही, हे अपशिंग्यात कोणी विचारायला आलं नव्हतं.