खाडी कॉम्प्युटरात कशी आली, त्याची मागची गोष्ट

खाडीत मासळी किती पोसली जाईल याचा हिशोब मासळीपासून सुरूच होत नाही, तो सुरू होतो डोळ्याला न दिसणाऱ्या तरंगत्या शेवाळापासून, म्हणजे फायटोप्लँक्टनपासून. अमेरिकेच्या गॉर्डन रायलीने १९४६ मधे जॉर्जेस बँक या उथळ समुद्रासाठी हे गणित मांडलं. ऊन आणि पोषकद्रव्यं बघून शेवाळ किती वाढेल, त्यातून त्याचं स्वतःचं श्वसन वजा, बारीक जीव खातील ते वजा, उरेल ती शिल्लक. कॉम्प्युटर नसताना केलेलं काम, पण आजही बऱ्याच मॉडेल्सच्या, म्हणजे पाण्याची आणि त्यातल्या जिवांची नक्कल करणाऱ्या गणितांच्या, पोटात हीच वजाबाकी आहे.

खाडीचं प्रकरण जास्त अवघड, कारण खालून भरती ढकलते आणि वरून नदी. चेसापीक बे या अमेरिकेतल्या मोठ्या खाडीसाठी तर मेरीलँड राज्यात मॅटापीकला चक्क काँक्रीटची खाडी, म्हणजे तिची लहान प्रतिकृती, बांधली, १९७६ ला पूर्ण झाली, पण तिच्यात प्रवाह आणि खारटपणा कळायचा, जिवांचा हिशोब नाही, आणि थोड्याच वर्षांत ती बंद झाली. तो हिशोब क्रेमर आणि निक्सन या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्याच नॅरागॅन्सेट बे या खाडीसाठी कॉम्प्युटरवर केला, त्यांचं पुस्तक १९७८ चं. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की तळाचा चिखल त्यात हिशोबात धरलाय, कुजलेल्यातून पोषकद्रव्यं परत वर देणारा.

पण ही सगळी थंड देशातली पाणी. आपल्या गोव्यातल्या मांडवी-जुवारी नद्यांच्या खाड्यांत पावसाळ्याचे चार महिने नदीच जोरात असते, पोषकद्रव्यं भरपूर येतात पण आभाळ भरलेलं आणि पाणी गढूळ, शेवाळाला ऊनच मिळत नाही, आणि पाऊस सरला की भरती-ओहोटीचं राज्य, म्हणजे एकाच वर्षात दोन वेगळ्या खाड्या म्हणा ना. तिकडचे आकडे इथे जसेच्या तसे घालणं मला तरी अजिबात पटत नाही. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या लोकांनी आधी पाणी समजून घेतलं हे फार बरं केलं: भरतीची उंची आत ४० किलोमीटरपर्यंत फारशी कमी होत नाही, कारण पात्र आत अरुंद होत जातं आणि घर्षणात जाणारी ताकद त्याने भरून निघते, हे १९९० च्या दशकात त्यांनी मोजलं आणि मग मॉडेलमधे बसवलं. आणि त्यात मांडवी एकटी घेऊन चालत नाही, कुंभारजुव्याच्या कालव्याने ती जुवारीला जोडलेली आहे, दोन्हींचं गणित एकत्रच सोडवावं लागतं.