चॅपेलच्या भिंतीतला ऑक्सिजन

२० मार्च १९९५, सोमवार. टोकियोत ऑफिस गाठायची वेळ. सव्वाआठच्या सुमारास त्सुकिजी भागातल्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात अग्निशमन दलाचा फोन वाजला: भुयारी रेल्वेच्या स्टेशनात गॅसचा स्फोट झालाय, जखमी येतील. कॅज्युअल्टीत भाजलेल्यांसाठी तयारी सुरू झाली. दहा-बारा मिनिटांत पहिला पेशंट आला तो आपल्या पायांनी चालत. अंगावर भाजल्याची खूण नाही. डोळे दुखतायत आणि अंधुक दिसतंय, एवढीच तक्रार.

स्फोट झालाच नव्हता. ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी भुयारी रेल्वेच्या पाच गाड्यांमध्ये सरीन हे जहाल विष भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या छत्रीच्या टोकाने फोडल्या होत्या.

त्या दिवशी या एका रुग्णालयात ६४० माणसं आली. मृत्यूच्या दारात होती ती जेमतेम पाच. बाकीचे बहुतेक चालत, टॅक्सीने, मिळेल त्या गाडीने आले. मोठ्या दुर्घटनेत बहुतेक वेळा हेच होतं. कागदावरच्या आराखड्यात ॲम्ब्युलन्स असते, क्रम असतो, कुणाला कुठे न्यायचं ते ठरलेलं असतं. प्रत्यक्षात ज्याला चालता येतं तो सगळ्यात आधी पोचतो, तोही जवळच्या दवाखान्यात. खऱ्या गंभीर माणसाला स्ट्रेचरवरून आणेपर्यंत खाटा भरलेल्या असतात. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, तेव्हाही रुळांलगतच्या वस्तीतले लोक घरच्या चादरींची झोळी करून जखमींना बाहेर काढत होते. त्यांना कोण सांगणार, अमुक रुग्णालय भरलंय म्हणून!

म्हणून दारातली निवड महत्त्वाची. जगभर वापरली जाणारी सोपी पद्धत अशी: चालू शकणाऱ्यांना बाजूला काढायचं, त्यांना हिरवी पट्टी. उरलेल्यांचं फक्त तीन गोष्टींवर बघायचं. श्वास मिनिटाला तिसाच्या वर आहे का, नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परततो का, ‘मूठ वळा’ म्हटलं तर वळतात का. एकात जरी गडबड दिसली तरी लाल पट्टी, म्हणजे उपचार सगळ्यात आधी. माणशी मिनिटभरसुद्धा लागत नाही. अवघड आहे ते दुसरंच: कळवळून ओरडणाऱ्याला ‘थांबा’ म्हणून गप्प पडलेल्याकडे जाणं.

सेंट ल्यूक्सने मात्र कुणालाच परत पाठवलं नाही. संचालक शिगेआकी हिनोहारा यांनी ओपीडी बंद केली आणि सगळ्यांना आत घ्यायला सांगितलं. (हे गृहस्थ १९७० मध्ये अपहरण झालेल्या विमानातही होते. संकटांशी त्यांचं काही गणित असावं!) जागा होती, कारण १९४५ च्या टोकियोवरच्या बॉम्बहल्ल्यात माणसांना ठेवायला जागा नसल्याचं हिनोहारांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून १९९२ च्या नव्या इमारतीत त्यांनी कॉरिडॉरमध्ये आणि चॅपेलमध्येही (रुग्णालयातल्या प्रार्थनागृहात) भिंतीतून ऑक्सिजनच्या नळ्या खेळवल्या. तेव्हा लोकांना ती उधळपट्टी वाटली होती.

पण त्याच चॅपेलने दगाही दिला. हवा खेळती नव्हती, आणि पेशंटच्या कपड्यांत मुरलेलं सरीन हळूहळू वाफ होऊन बाहेर पडत होतं. दारात कुणाचे कपडे उतरवले नव्हते. ते सुचणार तरी कसं, निरोपच स्फोटाचा होता. सरीनचं नाव कळेपर्यंत जवळपास अकरा वाजले. नंतर विचारपूस केली तर ४७२ कर्मचाऱ्यांपैकी ११० जणांनी त्रास झाल्याचं सांगितलं, आणि चॅपेलमध्ये काम करणाऱ्यांत हे प्रमाण सर्वांत जास्त होतं. पेशंट वाहणाऱ्या अग्निशमन दलाच्या १,३६४ जणांपैकी १३५ जणही आजारी पडले.

सरीन आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. शेतात फवारतो त्या ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकांच्याच कुळातलं ते, फक्त कितीतरी पटींनी जहाल. आपली नस स्नायूला निरोप देते तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाने, आणि निरोप पोचला की एक एन्झाइम ते रसायन लगेच मोडून टाकतं. सरीन या एन्झाइमलाच जखडतं. मग निरोप थांबतच नाही. डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, लाळ गळते, स्नायू थडथडतात आणि शेवटी श्वास अडकतो. उतारा म्हणजे ॲट्रोपिन, आणि जोडीला जखडलेलं एन्झाइम सोडवणारं पीएएम.

विदर्भ-मराठवाड्यातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरला हे सगळं तोंडपाठ असतं. फवारणीच्या दिवसांत ‘औषध अंगावर गेलेला’ पेशंट आला की ती आधी बाहुली बघते, ॲट्रोपिन भरायला सांगते आणि नातेवाइकांवर ओरडते: “त्याचे कपडे काढा आधी, साबणाने अंग धुवा, आणि तो शर्ट बाहेर टाका, इथे नको!”